सावकाश सरळ होणारी लाँच

सोमवार, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यातला. माझगावातला एक खासगी धक्का. पाऊस सकाळपासून उघडलेला, वारा पडलेला, भरती पुरी होऊन पाणी थांबलेलं.

लाँचवर हजर: मी, ओळंब्यापाशी. कर्णिकसर, आमच्या फर्मचे मालक, आकडे उतरवून घ्यायला. हसनचाचा, लाँचचे तांडेल, सुकाणूपाशी. दोन खलाशी, लोखंडी वजनं सरकवायला. महेश, लाँचचा मालक आणि माझा धाकटा भाऊ, बरोबर मध्यावर, हलायचं नाही या अटीवर. आई, कोणी बोलावलेलं नसताना, हातात नारळ घेऊन.

आमच्या कामात प्रत्येक चाचणीची सुरुवात अशीच होते. बोटीचा तोल मोजायचा तर बोटीवर त्या क्षणी काय काय आहे आणि कुठे आहे, हे आधी लिहावं लागतं. डिझेल किती, दोरखंड कुठे, नांगर कुठे. माणसंही त्यातच येतात. कोण, किती वजनाचा, कुठे उभा. ओळंब्याच्या लेखी साहेब आणि खलाशी सारखेच, दोघेही किलोत.

“आई, वजन?” मी विचारलं.

“कोणाचा? माझा? कित्याक?”

“लिहावं लागतं. लाँचवर आहे त्या प्रत्येकाचं.”

“मगे लिही, भरपूर.”

हसनचाचा हसले. कर्णिकसरही गालात हसले. मी आईला उतरायला सांगितलं. ती उतरली, पण नारळ सुकाणूपाशी ठेवून. मी तो नारळ उचलून खाली धक्क्यावर तिच्या हातात नेऊन दिला. चाचणीच्या वेळी बोटीवर जास्तीचं काही नको, हा नियम आहे आणि नियमात नारळाला सूट नाही. “देवाचो नारळ गो तो,” आई म्हणाली. एवढंच. महेश मध्यावर उभा होता, हलला नाही. पण त्याने बघितलं.

दरवर्षी श्रावण लागला की तो सोमवार परत येतो. पावसाळ्यात आमच्याकडच्या लाँचेस बंद असतात. जूनच्या तोंडाला त्यांना पाण्यातून वर ओढून घेतात, बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडतात, फटी बुजवतात, आणि पाऊस जरा दमला की रंगाचे डबे उघडतात. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून तो वास आत येतो. ऑइलपेंट, रॉकेल, ओलं लाकूड, आणि त्याखाली ओहोटीच्या चिखलाचा जुना वास. परळ-लालबागला या दिवसांत मंडपांचे बांबू पडलेले असतात, ढोलांची प्रॅक्टिस चालू असते, सगळ्यांना काहीतरी येण्याची घाई असते. मला नसते. मी खिडकी लावून घेते आणि कामाला बसते.

महेश आणि पाणी यांची माझ्या डोक्यातली पहिली नोंद लालबागच्या आमच्या चाळीतली आहे. मे महिना, पाणी फक्त पहाटे, आणि ते साठवायला मोरीत निळं प्लॅस्टिकचं पिंप. काठोकाठ भरलेलं. मी सातवी-आठवीत असेन, हा बालवाडीत. उकाड्याने वैतागून हा स्टुलावर चढला आणि पिंपात उतरला. पाणी चहूबाजूंनी मोरीत सांडलं, मोरीतून गॅलरीत, गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या पाटकरकाकूंच्या पापडांवर. खालून आरडाओरडा. आईचे हात भाकरीच्या पिठात. तिने याला तसाच काखेत धरून बाहेर काढला आणि दोन रट्टे दिले. मला पण दिले, मी हसत होते म्हणून.

पण मी फक्त हसत नव्हते. आदल्याच आठवड्यात शाळेत शिकवलं होतं की पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. तो बाहेर निघाल्यावर पिंपातलं पाणी जितकं खाली गेलं होतं तितका महेश, हे मला दिसत होतं. दुपारी सगळे झोपल्यावर मी शेजारच्या पिंपातून कळशीने पाणी घेऊन ती रिकामी जागा भरली. महेश म्हणजे पावणेदोन कळश्या. डोकं सोडून. संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याला इतका अभिमान वाटला की तो चाळभर सांगत सुटला, “मी पावणेदोन कळशी आहे.” दोन कळश्या व्हायला किती जेवावं लागेल, असं त्याने मला विचारलं होतं.

त्या वयात तो माझं सगळं ऐकायचा.

तरंगणं ही गोष्ट लोकांना वाटते तशी पाण्याची दया नसते. तो हिशोब असतो. लाँच जेवढं पाणी बाजूला सारते त्या पाण्याचं वजन लाँचच्या वजनाइतकं झालं की ती खाली जायची थांबते. पाणी जड असेल तर थोडं सारून भागतं. हलकं असेल तर जास्त सारावं लागतं, म्हणून ती खोल बसते. आईला हे पुस्तक न उघडता ठाऊक होतं. फणसाचे गरे खारवायचे असले की ती पातेल्यात मीठ विरघळवायची आणि त्यात कच्चं अंडं सोडायची. अंडं तळाला बसलं तर आणखी मीठ. मध्येच लोंबकळलं तर आणखी एक मूठ. आणि रुपयाएवढं टक्कल पाण्याबाहेर काढून अंडं डुलायला लागलं की, “झाला,” म्हणायची आणि हात धुवायची. खारं पाणी जड, गोडं पाणी हलकं. हे सगळ्या कोकणातल्या बायकांना कळतं. प्रश्न कळण्याचा कधीच नव्हता.

पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातलं पाणी हलकं होतं. डोंगरावरून, खाड्यांतून, नाल्यांतून गोडं पाणी येऊन मिसळतं आणि समुद्र पातळ होतो. म्हणून चाचणीच्या दिवशी आम्ही लाँचच्या पुढून, मधून आणि मागून बादलीने पाणी काढतो आणि त्यात हायड्रोमीटर सोडतो. काचेची लांबट नळी, तळाला छऱ्यांचं वजन, मानेवर आकडे. ती बादलीत उभी राहते, जरा वरखाली करते, मग थांबते. मला हा क्षण आवडतो. नोकरीत आवडण्यासारखे क्षण फार नसतात. त्या सोमवारी ती नेहमीपेक्षा खोल उभी राहिली. पाणी हलकं आहे, असं मी मोठ्याने सांगितलं, कर्णिकसरांनी लिहून घेतलं, आणि महेश मध्यावरून म्हणाला, “ताई, पाण्याला पण नावं ठेवणार का आता?”

खलाशी हसले. मीही हसले. तेव्हा अजून हसण्यासारखं होतं.

महेशने लाँच घेतली ती लॉकडाऊनच्या आधीच्या वर्षी. त्याआधी त्याने कुरिअर केलं, केबलचं केलं, दादरला भागीदारीत मोबाइल कव्हरं विकली. काहीच टिकलं नाही. यात त्याची चूक नव्हती असं आई म्हणायची. थोडी होती असं मी म्हणायचे. मग हसनचाचांच्या ओळखीने ही जुनी लाँच मिळाली. लाकडी, रुंद बुडाची, प्रामाणिक. मी तिच्या बुडाखाली वाकून, टॉर्च लावून, हाताने ठोकून बघितलं होतं आणि घे म्हणून सांगितलं होतं. पहिल्यांदाच आम्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली.

महिनाभराने तो ऑफिसात आला तो मोबाइलवर एक चित्र घेऊन. लाँचवर दुसरा मजला. पाइपाचे खांब, पत्र्याचं छत, लोखंडी बाकांच्या रांगा.

“महेश, हे काय आहे?”

“अप्पर डेक. खाली कोण बसतं ताई? इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास. लोकांना वर बसायचं असतं. वारा लागतो, ताज दिसतं, रील काढता येते. धंदा वर आहे.”

“धंदा वर असेल. वजन खाली लागतं.”

“तू आहेस ना. तूच पास करून दे. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जाऊ?”

त्या रविवारी मी त्याला परळला माझ्या घरी बोलावलं आणि मोरीत बसवलं. टबात पाणी भरलं. स्वयंपाकघरातला मसाल्याचा उभा डबा रिकामा करून पाण्यात सोडला, तो आडवा झाला. तळाला मूठभर तांदूळ घातले, डबा उभा राहिला. बोटाने ढकलला तरी झटक्यात सरळ झाला. मग झाकणावर एक लिंबू ठेवलं. डबा उभाच राहिला, पण आता ढकलल्यावर सरळ व्हायला वेळ घ्यायला लागला. कलला, जरा विचार केल्यासारखा थांबला, मग आला. दुसरं लिंबू ठेवलं. तो विचार करायला थांबला आणि परत आलाच नाही. झाकण निघालं आणि तांदूळ टबभर झाले.

“बघितलंस?”

“बघितलं. पण माझे पॅसेंजर काय लिंबं आहेत का? माणसं अंग सावरतात.”

“माणसं लिंबांपेक्षा वाईट. डॉल्फिन दिसला म्हणून लिंबं एका बाजूला धावत नाहीत.”

“इथे कुठे आलाय डॉल्फिन?” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही तांदूळ गोळा करायला लागलो. गोळा करता करता तो म्हणाला, “तू कायम आधी बुडालेलं बघतेस. मग तरंगणारं काय आहे ते.” हे वाक्य त्याने रागाने म्हटलं असतं तर मी विसरले असते.

त्या सोमवारी चाचणी मात्र नीट केली. त्याने बाकं बसवून टाकली होती, परवानगीच्या आधी, कारण आमच्याकडे आधी बांधायचं आणि मग पास करून घ्यायचं अशीच पद्धत आहे. घराचं, दुकानाचं, लाँचचं, सगळ्याचं. ओळंबा खाली लोंबत होता, त्याचं वजन तेलाच्या ट्रेत बुडवलेलं, म्हणजे तो झुलत बसू नये. खलाशांनी लोखंडी वजनं मध्यावरून उजव्या कडेला सरकवली. लाँच कलली. ओळंब्याची दोरी पट्टीवर सरकली, आणि सरकतच राहिली. कर्णिकसरांनी चष्मा वर केला. वजनं परत मध्यावर, मग डाव्या कडेला. तेच. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण भाऊ आहे म्हणून मी कुठे हात आखडला किंवा सैल सोडला असं नको. तेच.

बारीक वजनाला जी लाँच जास्त कलते, तिचं वजन वर चढलेलं असतं. पाणी तिला सरळ करायला बघतं, कललेल्या बाजूला जास्त पाणी सारलं जातं आणि तिथून जास्त रेटा येतो. पण वरचं वजन त्या रेट्याच्या विरुद्ध ओढत असतं. दोघांत पाणी जिंकायला हवं, आणि चांगल्या फरकाने जिंकायला हवं. इथे जिंकत होतं, पण जेमतेम. वरची बाकं रिकामी असताना जेमतेम.

“बाकं काढ,” मी म्हणाले. “छत ठेव हवं तर. ताडपत्रीचं कर.”

“कर्णिकसर, तुम्ही सांगा.”

“ताई बरोबर आहेत,” कर्णिकसर म्हणाले. फर्ममध्ये मला सगळे ताईच म्हणतात, त्यांच्यासकट. महेशला त्या दिवशी ते टोचलं असावं. त्याची ताई सगळ्यांची ताई होऊन समोर उभी होती.

धक्क्यावरून आईने विचारलं, “काय झाला?”

“नापास,” तो म्हणाला. “बहिणीने नापास केला.”

घरी जाताना टॅक्सीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. लालबागला उतरताना एवढंच म्हणाली, “भावाक नाय म्हणताना तुझी जीभ कशी वळता गो?” वळली नाही, आई. सरळ बोलले होते.

पौर्णिमेला तो राखी बांधून घ्यायला आला. हात पुढे केला, तोंड टीव्हीकडे. मी गाठ मारली. ओवाळलं. त्याने बर्फी खाल्ली. सगळं रीतसर झालं, घरात एखादी म्हातारी बोट तोल राखून चाललेली असावी तसं, कोणी जोरात हलत नव्हतं.

त्याच भाद्रपदात दुसऱ्या एका इंजिनिअरने लाँच पास केली. फसवणूक होती का? नव्हती, हेच वाईट आहे. त्याने तेच आकडे काढले असणार. फक्त खाली लिहिलं की वरच्या डेकवर मोजकीच माणसं बसवावीत, बाकीची खाली. कागदावर लाँच सुरक्षित होती. मर्यादेची पाटी रंगवून लावली गेली, ती जिन्याजवळ. तिच्यावर लाइफबॉय, म्हणजे बुडत्याला फेकायचं कडं, टांगला गेला. लाइफबॉय टांगायला दुसरी चांगली जागा नव्हती, असं मला सांगण्यात आलं.

आणि मग लाँच चालली. मस्त चालली. लॉकडाऊनमध्ये थांबली, परत चालली. आणि लोक तिची तारीफ करायला लागले. हे मला अजूनही गिळवत नाही. ज्या बोटीचा तोल भक्कम असतो ती लाटेवर झटके देते. कलली की पाणी तिला खस्सकन सरळ करतं, माणसांच्या मानांना हिसके बसतात, पोरं ओकतात. ज्या बोटीचा तोल जेमतेम असतो ती संथ डुलते. कलते सावकाश, येते सावकाश. पॅसेंजरांना वाटतं काय सुंदर लाँच आहे. “पोटातलं पाणी हलत नाही हो,” म्हणतात. गिरगावच्या आमच्या मावशीने तर मला फोन करून सांगितलं, “अगं, महेशची लाँच म्हणजे पाळणा. बाकीच्यांच्या त्या धडधडत्या खटाऱ्यात बसवत नाही.” मी तिला समजावायला गेले की मावशी, खटाराच चांगला. ती म्हणाली, “तुला कौतुक करायला एवढं जड का जातं गं?”

घरच्या कार्यात मी चेष्टेचा विषय झाले. मी हॉलमध्ये शिरले की कोणीतरी म्हणे, “ताई आली, जॅकेटं घाला.” वडाळ्याच्या काकांच्या साठीला जेवणाची पंगत एका बाजूला जास्त बसली तेव्हा एक भाचा ओरडला, “आत्याला विचारा, हॉल कलणार नाही ना!” सगळे हसले, महेश सगळ्यांत कमी हसला. त्याने डाळ वाढून घेतली आणि उठून गेला.

न झालेल्या अपघाताला पुरावा नसतो. डॉक्टरचं औषध लागू पडलं तर रोगी बरा होतो, वकील केस जिंकतो, शिक्षकाचा विद्यार्थी पास होतो. माझ्या धंद्यात मी बरोबर असले तर काहीच होत नाही. आणि मी चूक असले तरी काहीच होत नाही. लाँच रोज निघते, रोज परत येते, आणि प्रत्येक परत आलेली फेरी ही माझ्याविरुद्ध साक्ष असते. एखादा शांत दिवस, एखादी सपाट भरती, एखादा सीझनभर मिळालेला नशिबाचा हात हे सगळं महेशच्या बाजूला जमा होत राहतं. तोलाचा हिशोब मात्र फेऱ्या मोजत नाही. त्याला फक्त एक वारा, एक लाट आणि एका कडेला धावलेली माणसं पुरतात, आणि ती एकदाच पुरतात.

मी तक्रार केली. बंदर खात्यात जाऊन, साध्या कागदावर, नाव न घालता. तपासणीला माणूस आला त्या दिवशी वरचा डेक रिकामा होता, पाटीवरचा लाइफबॉय काढलेला होता, हसनचाचांनी साहेबांना चहा पाजला. महेशला कोणी सांगायची गरज नव्हती. मुंबईत त्याच्या बाकांची एवढी काळजी असलेलं दुसरं माणूस नव्हतं. त्यानंतर पौर्णिमेला तो आला नाही. आईच्या हाती निरोप आला, “तिला सांग, माझा तोल मी बघतो.”

आई दर सीझनच्या पहिल्या फेरीला जायची. ठेवणीतलं लुगडं नेसून, वर, पुढच्या बाकावर, अगदी टोकाला. मी एकदा धक्क्यावर तिला सोडायला गेले होते. “आई, खाली बस. निदान मध्ये बस.” ती म्हणाली, “माझो झिल, माझी जागा.” लेकाची लाँच निघाली. तिने हात हलवला. तिला अंडं कधी डुलतं ते कळत होतं, मिठाची मूठ कळत होती. तिला पोरगा बुडेल हे कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून ती स्वतः वर जाऊन बसायची. मला तेव्हा तो हट्ट वाटला. आता वाटतं, लेकाच्या बाजूने वजन टाकायला तिच्याकडे स्वतःशिवाय दुसरं काही नव्हतं.

गेल्या पौषात आई गेली. झोपेत, लालबागच्या घरी.

अस्थी महेशच्या लाँचवरून सोडायच्या असं त्याने परस्पर ठरवलं होतं. मी नाही म्हटलं नाही. पहिल्यांदाच त्या लाँचवर पॅसेंजर म्हणून चढले. खाली बसले, इंजिनाजवळ. बाकीचे सगळे नातेवाईक जिना चढून वर गेले, न सांगता, सवयीने. सकाळ थंड होती, पाणी शिसवासारखं काळं. बंदराबाहेर आल्यावर हसनचाचांनी इंजिन बंद केलं. महेश माझ्या शेजारी खालच्या कडेला आला, वाकला, आणि मडकं अलगद पाण्यावर ठेवलं.

ते बुडालं नाही. तोंडाला फडकं बांधलेलं, आत हवा. मडकं उभं तरंगायला लागलं, लाँचच्या कडेला लागून, जाऊ की नको असं करत. वरून कोणीतरी म्हणालं, “जात नाही बघा, जीव अडकलाय.” आणि मग सगळे बघायला आले. वरच्या डेकवरचे सगळे, एकाच कडेला, रेलून.

लाँच कलली.

फार नाही. चहाचा ग्लास घसरेल एवढी. पण कलून थांबली. पाणी कडेशी वर आलं आणि तिथेच राहिलं. माझ्या तळपायांना कळलं, आणि मी मान वळवून महेशकडे बघितलं. त्याचा हात अजून पाण्यात होता. त्याचा चेहरा मी पिंपातून बाहेर काढलेला बघितला होता, दहावीच्या निकालाच्या दिवशी बघितला होता, आईच्या तिरडीपुढे बघितला होता. असा कधीच नाही.

“मागे व्हा!” तो ओरडला. “मागे व्हा रे सगळे! मध्ये या! मध्ये!”

वर पावलं मागे सरली. लोकांना वाटलं दुःखाने ओरडला. मावशी रडायला लागली. हसनचाचांनी बांबूने मडक्याला टोचा दिला, फडकं भिजलं, बुडबुडे आले आणि ते गेलं. लाँच सरळ झाली. सावकाश. केवढ्या सावकाश.

मी बरोबर होते. हे मी त्या क्षणाला मनात म्हणूनही बघितलं, इतक्या वर्षांचं राहिलेलं. तोंडात पाण्यासारखं काहीतरी खारट आलं, तेवढंच.

धक्क्यावर परतल्यावर, नळाखाली पाय धुताना, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, सीझन संपला की वरची बाकं काढतो. तू परत कलवून बघ.”

“नक्की?”

“पावसात लाँच वर घेणारच ना. तेव्हा.”

आम्ही दोघांनी एकाच टॉवेलला पाय पुसले. मला वाटलं, आई गेली त्याच्या बदल्यात एवढं तरी आलं.

पाऊस आला. लाँच वर घेतली गेली. जूनमध्ये मी फोन केला तर खलाशी गावाला गेले होते. जुलैत वेल्डर मिळत नव्हता. “करू गं, पळून जातायत का बाकं?” गेल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मी स्वतःच गेले. लाँच स्लिपवर, किनाऱ्याच्या बांधीव उतारावर, उभी होती, बूड ताजं तांबडं. वर बाकं होती. निळ्या रंगाची, अजून ओली, रांगेत.

“मॅडम, कलर कसा वाटला?” हसनचाचा ब्रश पुसत म्हणाले.

“बाकं काढणार होता ना?”

“शेठ बोलले होते. पण बुकिंग आलंय. शाळेची पिकनिक. पोरांना वर बसायचं असतं ना मॅडम, त्यासाठीच तर आपल्याकडे येतात. आणि खरं सांगू, अशी झुलणारी लाँच पूर्ण बंदरात नाही. पोरं झोपतात तिच्यावर.”

घरी येऊन मी महेशला फोन लावला.

“एक सीझन, ताई. हा एकच. आई असती तर तिने...”

“आई नाहीये.”

“तेच म्हणतो. तू तरी समजून घे.”

“त्या दिवशी का ओरडलास?”

“सावकाश उतरव रे,” तो तिकडे कोणाला तरी म्हणाला.

“महेश, का ओरडलास?”

“गर्दी झाली होती.”

“पाटीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त?”

“ताई, ठेवतो. माल उतरतोय इथे.”

सोमवारी मी पुन्हा खात्यात गेले. या वेळी अर्जावर नाव घातलं, पत्ता घातला, आणि तक्रारदाराचं लाँचमालकाशी नातं या रकान्यात बहीण असं लिहिलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. “घरचंच आहे तर घरी का नाही मिटवत, मॅडम?” मी म्हणाले, शिक्का मारा. त्यांनी मारला. बघतो, म्हणाले. महेशला मी त्याच दुपारी मेसेज करून कळवलं, अर्जाच्या फोटोसकट. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. पौर्णिमा झाली, तो आला नाही, मी वाट बघितली नाही असं म्हणता येणार नाही.

पिकनिक गणपतीनंतर आहे. त्याआधी बाकं उतरवून लाँच पाण्यात घ्यायची आणि पुन्हा चाचणी करायची, असं मी त्याला कळवलंय. कर्णिकसरांनी होकार दिलाय. चाचणीला बोट रिकामी लागते, पाणी थांबलेलं लागतं आणि मालक समोर लागतो. बोट रिकामी आहे. थांबलेल्या पाण्याच्या वेळा मी भरतीच्या तक्त्यात बघून ठेवल्या आहेत. महेशने अजून दिवस दिलेला नाही.